टाइप वनमध्ये स्वादुपिंड ‘मेलेलं’ नसतं

‘टाइप वन मधुमेहात स्वादुपिंड मेलेलं असतं, आमच्या काढ्याने ते जिवंत होतं, मग इन्सुलिन बंद!’ असा मेसेज सध्या फिरतोय. त्यातलं काहीच खरं नाही.

स्वादुपिंडाचा बहुतेक भाग अन्न पचवणारे रस बनवतो आणि तो टाइप वनमध्येही काम करत राहतो. प्रतिकारशक्ती हल्ला करते ती बेटांसारख्या बारीक पुंजक्यांमधल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर. सगळे पुंजके मिळून या ग्रंथीच्या जेमतेम १-२ टक्के. स्वादुपिंड लहान होतं हे खरं, स्कॅनवर ते दिसतंही. पण बॉस्टनच्या जोस्लिन मधुमेह केंद्राने ५० वर्षांहून अधिक काळ टाइप वन असलेल्यांचा अभ्यास केला, तेव्हा मृत्यूनंतर तपासलेल्या स्वादुपिंडांतही तुरळक बीटा पेशी सापडल्या.

मग काढ्याचा ‘गुण’ येतो कसा? इन्सुलिन सुरू झालं की उरलेल्या पेशींना विसावा मिळतो आणि काही महिने डोस बराच कमी लागतो. डॉक्टर याला ‘हनिमून’ म्हणतात. श्रेय मात्र काढा घेऊन जातो. घरचे इंजेक्शन थांबवतात आणि पोर उलट्या, धाप, तोंडाला पिकल्या फळासारखा वास अशा अवस्थेत दवाखान्यात पोहोचतं. हे जिवावर बेततं. कळकळीची विनंती, डोस डॉक्टरांना विचारूनच बदला, इन्सुलिन बंद करू नका.