मस्त, भारी, एक नंबर! आता याचं लोणचं घालू का?

आमच्या व्हिडिओवर प्रतिक्रिया मागणारे एकतीस फॉर्म. झेरॉक्सचे पैसे माझे, पेन माझे (त्यातले चार परत आले नाहीत), घरोघरी फिरून चप्पलचा अंगठा तुटला तोही माझाच. आणि हातात काय आलं? 'मस्त', 'भारी', 'लय भारी', 'एक नंबर', 'छान आहे असेच करत राहा'. एका महाभागाने तर सगळ्या आठ प्रश्नांना मिळून एकच मोठा कंस काढला आणि त्यापुढे 'होय' लिहिलं. पहिला प्रश्न होता, 'व्हिडिओतला कोणता भाग कंटाळवाणा वाटला?' होय!

आम्ही चौघांनी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी म्युझिक व्हिडिओ केला. गाणं आमचंच, पोळ्यावरचं. चाल मी लावली, गायली वर्गातल्या मैत्रिणीने, कॅमेरा म्हणजे मोबाईल आणि एडिटिंग मोबाईलच्याच काईनमास्टर ॲपवर. तेही लाईन असेल तेव्हा, कारण गावात लाईट जायला लागले की फोनची बॅटरी आणि माझं डोकं एकदमच उतरतं. सर म्हणाले, व्हिडिओला २० मार्क, आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेतून काय शिकलात त्याला आणखी २०. म्हटलं, हे तर सोपं आहे. आपल्या गावात फुकट मत द्यायला कोण मागे राहतं?

इथेच फसलो.

हीच माणसं गुरुवारी रात्री भजनाला बसतात. अमरावती जिल्हा आमचा, मोझरी तासाभरावर, तुकडोजी महाराजांचं वारं अंगातून गेलेलं गाव. खंजिरीवाल्याचा हात अर्धी मात्रा इकडेतिकडे झाला तरी समोरचा म्हातारा डोळे न उघडता मान हलवतो, आणि हार्मोनियमवाला थांबून म्हणतो, "पुन्हा घे." पोळ्याच्या तोरणाखाली एखाद्याची झडती (तिथे चढाओढीने म्हणतात ते गाणं) फुसकी निघाली तर पुढचा पोळा येईपर्यंत त्याला तोंड दाखवायची सोय नाही. एवढे तिखट कान! आणि माझा फॉर्म हातात आला की हेच लोक लग्नाच्या पंगतीतले पाहुणे होतात. भाजीत मीठ नसलं तरी, "वा वा, झकास."

बरं, तोंडावर वाईट म्हणवत नाही, ठीक. पण पाहा तरी! लिंक पाठवली होती, ३ मिनिटं ४८ सेकंदांचा व्हिडिओ. यूट्यूब मागे सरासरी दाखवतं, लोकांनी किती वेळ पाहिला ती. बावन्न सेकंद. आमचं धृपदच एक मिनिटानंतर येतं! म्हणजे पाचपैकी पाच चांदण्या देणाऱ्या बहुतेकांनी गाणं ऐकलंच नाही. ज्यांनी व्हॉट्सॲपवर दाबून पाठवलेली क्लिप पाहिली ते म्हणाले, "क्लिअर नाई दिसत बे." अरे, व्हॉट्सॲप व्हिडिओ पिळून काढतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला उघडा म्हणून तीनदा सांगितलं होतं. उघडला नाही, कारण 'डेटा जाते.' दिवसभर रील पाहताना नाही जात?

आणि ज्यांनी सविस्तर लिहिलं त्यांची तर वेगळीच तऱ्हा. नऊ फॉर्मांत 'सर्वात जास्त काय आवडले?' याचं उत्तर 'हिरोईन'. तिघांनी खाली विचारलंय, गाव कोणतं. हे मी प्रोजेक्टमध्ये लावू? तिने पहाटे उठून रियाज केला, तिसऱ्या कडव्यातला वरचा सूर दहा-दहा टेकनंतर लागला, त्याबद्दल एका माणसाने एक अक्षर लिहिलं नाही. ज्या काकांची बैलजोडी घेतली त्यांची प्रतिक्रिया, "माहा पोट्टा एकच सेकंद दिसला." दुसरे म्हणतात ड्रोन काहून नाही मारला. मारतो ना काका, आमच्या चौघांच्या किडन्या विकून मारतो.

खऱ्या प्रतिक्रिया दोनच मिळाल्या. दोन्ही फॉर्मच्या बाहेर.

पहिली आजीची. तिला व्हिडिओ दाखवला तेव्हा ती सुपात तूर पाखडत होती. अर्ध्यात म्हणाली, "पोरीचं तोंड मांगून येऊन रायलं." मी म्हटलं, आजी, तुला नीट दिसत नाही. ती म्हणाली, "मले ऐकू तं येते ना." रात्री एडिटिंग उघडून एकेक फ्रेम सरकवत पाहिलं. खरंच, ओठ गाण्याच्या मागे! कारण शोधता शोधता दोन वाजले. शूटच्या वेळी ब्लूटूथ स्पीकर फ्रेममध्ये दिसू नये म्हणून आम्ही तो पार धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर ठेवला होता, तीसेक मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तिच्या कानापर्यंत गाणं पोचायलाच दोन फ्रेम उशीर. त्यात ब्लूटूथचा स्वतःचा उशीर वेगळा. ती बिचारी जे ऐकत होती त्याच्यावर बरोबर ओठ हलवत होती, फक्त ऐकतच उशिरा होती. लांबचे सगळे शॉट पाच-सहा फ्रेम अलीकडे ओढले आणि तोंड गाण्यावर बसलं. एकतीस फॉर्मांनी जे सांगितलं नाही ते तूर पाखडणाऱ्या बाईने एका वाक्यात सांगितलं.

दुसरी प्रतिक्रिया पानठेल्यावरची. तिथल्या बाकावर एक म्हातारबुवा कायम बसलेले असतात. फोन त्यांच्या नाकाजवळ धरला. बैल सजवलेले, शिंगांना बेगड, डोक्याला बाशिंग, अंगावर झूल, मागे "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या". बुवा खूष दिसले. मग एकदम फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "पोळ्याले कापूस कुठून फुटला बे?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पोळा श्रावणाच्या अमावास्येला. तेव्हा पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, हिरवीगार असते, पात्या-फुलं, फार तर हिरवी बोंडं. कापूस फुटतो दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास. आणि आमचं शूट नोव्हेंबरात, परीक्षेनंतर. बैलांच्या मागे सगळं वावर पांढरंफेक! आम्ही चौघंही कास्तकारांची पोरं. वेचणीला जातो, कंबर मोडते, मजुरीचा भाव पाठ आहे. आणि एकालाही दिसलं नाही! उलट मीच म्हटलं होतं, "बॅकग्राउंडले कापूस ठेव, मस्त दिसते." ते म्हातारबुवा हसत होते, आणि मला स्वतःच्याच कानाखाली मारावीशी वाटत होती.

पण माझा खरा संताप पुढे आहे. दोन्ही गोष्टी रिपोर्टमध्ये लिहिल्या. तोंड न जुळण्याचं कारण, धुऱ्यापासूनचं अंतर, दुरुस्ती, आधीचा आणि नंतरचा शॉट, पोळा-कापसाची चूक, सगळं. वाटलं, हेच तर शिकणं ना? सरांनी पान उलटलं, लाल पेन काढला. "आजी टार्गेट ऑडियन्समध्ये येत नाही. तुम्ही वयोगट १५ ते २५ लिहिलाय. आणि या पानठेल्यावाल्यांचा फॉर्म कुठाय?" फॉर्म नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग तो डेटा नाही. काढून टाका. पाय चार्ट टाका."

पाय चार्ट! 'भारी'चा पाय चार्ट! रात्री बसून केला. निळा भाग 'मस्त', केशरी भाग 'भारी', हिरवी बारीक फोड 'होय'. खाली लिहिलं, 'प्रेक्षकांचा प्रतिसाद अत्यंत सकारात्मक असून यातून आमचा आत्मविश्वास वाढला.' लिहिताना हात थरथरला नाही, हे जास्त वाईट. प्रतिक्रियेचे मार्क मिळाले १८. व्हिडिओचे ११, शेरा काय तर 'लोकेशन निवड उत्तम'.

लोकेशन निवड उत्तम!

पानठेल्यावरून रोज जावं लागतं, एसटीचा थांबा तिथेच. बुवा बाकावरून उठत नाहीत, फक्त पानाची पिंक टाकून विचारतात, "काय बे डायरेक्टर, फुटला का पोळ्याचा कापूस?"