भरावाचे पाणी खालच्याने का सोसावे?

नाशिकच्या आमच्या घरालगतचा बंगला पाडून तिथे इमारत उभी राहिली, तिच्या पार्किंगसाठी मूळ जमिनीवर कमरेइतका भराव घातला गेला, आणि तेव्हापासून प्रत्येक मोठ्या पावसात तिथले पाणी कंपाउंडच्या भिंतीखालून आमच्या अंगणात शिरते. जोत्याला ओल चढली आहे, मागच्या खोलीचा गिलावा फुगून पडला आहे. तरी थोरले काका म्हणतात, पाणी उताराकडेच जाणार, खालच्या प्लॉटवाल्याने ते घेतलेच पाहिजे, कायदाही तेच सांगतो. निम्मी कॉलनी यावर मान डोलावते, याचा मला मनस्वी संताप येतो.

कायदा तसे सांगत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचे कलम ७ वरच्या जमिनीवर पडलेले पाणी खाली नैसर्गिकपणे वाहू देण्यास सांगते. ट्रकांनी मुरूम आणून जमीन उचलायची, सगळीकडे काँक्रीट ओतायचे आणि गच्चीचे पाइप शेजाऱ्याच्या भिंतीकडे सोडायचे, यात नैसर्गिक काय आहे? याविरुद्ध दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो, केलेले काम दुरुस्त करून घेण्याचा आदेश आणि नुकसानभरपाईही मागता येते. नकाशा मंजूर असल्याचे बिल्डर सांगतो, पण महापालिकेच्या मंजुरीने शेजाऱ्याचा हक्क बुडत नाही.

मी राहतो त्या न्यू जर्सीत हा प्रश्न १९५६ सालीच निकाली निघाला. एका बिल्डरच्या वसाहतीचे पाणी ओढ्यात सोडल्यामुळे खालच्या घरांच्या जमिनी खचू लागल्या, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलेल्या निकालाने तो खर्च बिल्डरवरच टाकला. आज आमच्या टाउनशिपचा इंजिनिअर ग्रेडिंग प्लॅन, म्हणजे जमिनीच्या पातळीचा आणि उताराचा आराखडा, पाहिल्याशिवाय लॉटची पातळी बदलू देत नाही. आयडा वादळात आमचेही बेसमेंट भरले, तिथले पाणी उपसणारा संप पंप बंद पडला; पण ते पाणी आभाळाचे होते, शेजाऱ्याने ढकललेले नव्हते.

‘तुला तिकडे बसून बोलायला काय जाते,’ असे काका म्हणतात, आणि ते मला लागते, कारण घर आईच्या आणि माझ्या नावावर असले तरी ते पाणी अंगणात शिरताना मी एकदाही पाहिलेले नाही. मुखत्यारपत्र पाठवून दावा लावता येईल. पण डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष कागदावरच्या मालकीतून येत नाही, ती आईच देऊ शकते. रोज समोर दिसणाऱ्या माणसांशी कोर्टात भांडण नको, असे तिला वाटते. त्या माणसांत राहायचे तिला आहे, मला नाही, हे मला पुरते कळते. म्हणून आधी वकिलाची नोटीस जावी आणि चर काढून पाणी रस्त्याच्या गटाराला जोडण्याची मागणी व्हावी, एवढेच मी तिला सुचवले आहे. ते झाले नाही, तर जागेची पाहणी करून कोर्टाला अहवाल देणारा कोर्ट कमिशनर नेमून घेऊन दोन्ही प्लॉटांची पातळी भर पावसाळ्यात मोजून घ्यावी, आणि उताराची चर्चा काकांनी त्या आकड्यांसमोर करावी.