“डॉक्टरला आहारातलं काय कळतं” वाला फॉरवर्ड

परत तोच फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: एमबीबीएसला आहार शिकवतच नाहीत, कारण फार्मा कंपन्यांना तेच हवंय, आणि तसंही ते काम डाएटिशियनचं, डॉक्टरला वेळ कुठे, सांगून तरी कोण ऐकतंय. मी पीएसएम (म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्याचा विषय) शिकवतो, त्यामुळे एकेक मुद्दा घेतोच.

“शिकवतच नाहीत.” साफ चूक. बायोकेमिस्ट्रीत व्हिटॅमिन्स असतात, पीएसएमला न्यूट्रिशनचा आख्खा टॉपिक असतो. 2019 च्या बॅचपासून जो अभ्यासक्रम लागू झाला त्यात तर लिहिलंय की आसपास काय मिळतं, घरच्यांना काय परवडतं ते बघून विद्यार्थ्याला आहार सुचवता आला पाहिजे, फक्त पुढे हळूच जोडलंय, सिम्युलेटेड वातावरणात, म्हणजे खरा पेशंट नाही, लुटुपुटूचा. घोळ इथे आहे बघा. पोरं वायवाला (तोंडी परीक्षेला) कन्झम्प्शन युनिट, म्हणजे कोणाला किती ऊर्जा लागते त्याचं माप, धडाधड सांगतात आणि ओपीडीत समोर खरी बाई बसली की “पालेभाज्या खा, फळं खा, दूध प्या”, संपलं. माहिती भरपूर आहे, विचारायची सवय नाही. महाराष्ट्रात 15 ते 49 वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे (एनएफएचएस-5, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण), आणि लोहाची गोळी नेमकी कधी आणि कशाबरोबर घेता हे विचारलं की कळतं, जेवण झाल्या झाल्या चहाबरोबर, वर कॅल्शियमची पण त्याच घोटात. दोन्हींमुळे लोह नीट शोषलं जात नाही. आता हिला पालक सांगून काय होणार?

फार्माचा कट वगैरे: पुरावा असेल तर दाखवा. मला दिसणारं कारण फार बोअरिंग आहे, ज्याला मार्क नाहीत ते पोरं करत नाहीत. रोलप्ले घ्या, एकाला पेशंट करा, दुसऱ्याने काय विचारलं आणि किती ऐकून घेतलं याला परीक्षेत मार्क ठेवा, लगेच शिकतात.

“डाएटिशियनचं काम आहे.” किडनीचा पेशंट, नळीतून फीड चालू असलेला पेशंट, तिथे शंभर टक्के, आणि कधी पाठवायचं हेही शिकवावंच लागतं. पण गावातल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डाएटिशियन आणणार कुठून? तिथे मेडिकल ऑफिसर, एएनएम (नर्सताई) आणि आशाताईच असतात, म्हणजे शिकवायचं त्या सगळ्यांनाच.

“वेळ नाही.” हे खरंय. बीएमजे ओपन या वैद्यकीय जर्नलमध्ये 2017 ला आलेल्या आढाव्यात डॉक्टर एका पेशंटला देतो तो वेळ स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं होता, बांगलादेशात 48 सेकंद, आणि आपणही दोनेक मिनिटांच्या आसपासच. मग शिकवायचं तेही दोन मिनिटांच्या हिशोबाने, भाषण नको. बीपीच्या काकांना “मीठ कमी करा” म्हटलं की ते म्हणणार मी वरून मीठ घेतच नाही, आणि खरंच घेत नसतात. त्यापेक्षा “काल सकाळपासून काय काय खाल्लं?” विचारा, पापड, लोणचं, ठेचा, संध्याकाळचं फरसाण आपोआप बाहेर येतं. त्यातलं एकच काय सोडता येईल ते काकांनाच ठरवू द्या आणि पुढच्या वेळी तेवढंच विचारा. हो, आणि स्वयंपाक काकू करत असतील तर त्यांना बाहेर बाकावर बसवू नका, आत बोलवा.

“कोण ऐकतंय.” चेन्नईचा 2006 चा अभ्यास आहे, डायबेटिसच्या उंबरठ्यावरचे 531 लोक, तीनेक वर्षं पाहिले. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी 55 टक्क्यांना डायबेटिस झाला, आहार-व्यायामावर नीट लक्ष दिलेल्या गटात 39 टक्क्यांना, म्हणजे मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीइतकाच फायदा. अर्थात एकदा सांगून सोडलं नव्हतं, परत परत बोलावून, मध्ये फोन करून मागे लागले होते.

आणि त्या फॉरवर्डच्या शेवटी डायबेटिसवाल्यांनी साखरेऐवजी बिनधास्त गूळ खावा असंही आहे. गुळात बहुतांश सुक्रोजच असतं हो, शुगर वाढतेच, निदान तेवढी ओळ तरी पुढे ढकलू नका.