सिलिंडर हीटरसमोर ठेवू नका: ‘शेडच ड्रायर’ मेसेजला उत्तर

“ड्रायरला पैसे कशाला घालवता? शेडच ड्रायर करा!” असा एक लांबलचक मेसेज काजूवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. गॅसवरचा मोठा ब्लोअर हीटर शेडमध्ये आणा, दारं-खिडक्या लावून घ्या, भर पावसातही रात्रीत गर सुकतो आणि साल सुटते, असा त्याचा दावा. खाली सूचनांची माळ. मी दुर्लक्ष करत होतो. पण काल वेंगुर्ल्याकडच्या माझ्या आतेभावाने तोच मेसेज पाठवून विचारलं, “ह्या करूया काय?” त्याच्या शेडमध्ये गर सोलायला बाया बसतात. आता गप्प बसवत नाही.

“सिलिंडरवर बर्फ धरलं तर तो हीटरच्या झोतासमोर ठेवा, प्रेशर परत येतं.”

सगळ्या मेसेजमधलं सर्वांत भयंकर वाक्य हेच. बर्फ का धरतं ते आधी समजून घ्या. सिलिंडरमधल्या द्रवाचा वायू होताना तो उष्णता शोषून घेतो. मोठा हीटर भराभर गॅस ओढतो, तेवढी उष्णता बाहेरच्या हवेतून मिळत नाही, मग सिलिंडर गार पडतो आणि दाब उतरतो. इथवर निरीक्षण बरोबर आहे. सिलिंडर गरम केला की दाब वाढतो हेही खरं, नाइलाजाने मान्य करतो. पण तो किती वाढेल, कुठे थांबेल, हे तुमच्या हातात राहत नाही. आतला द्रव तापून फुगतो, म्हणून तर सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नाहीत. ती मोकळी जागा तुमच्या हीटरच्या झोतासाठी ठेवलेली नाही. दाब मर्यादेबाहेर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि गॅस बाहेर फेकतो. समोर काय असतं? पेटलेला बर्नर. त्यातून सिलिंडरलाच ज्वाळा लागल्या, तर पत्रा मऊ पडून सिलिंडर फाटतो.

अमेरिकेतली ‘ओशा’ ही कामगारांच्या सुरक्षेची सरकारी यंत्रणा आहे. बांधकामाच्या जागी तात्पुरते हीटर कसे लावायचे, याचे तिचे नियम अगदी स्पष्ट आहेत. हीटर सिलिंडरपासून किमान ६ फूट लांब हवा. ब्लोअरचा झोत तर २० फुटांच्या आतल्या कुठल्याही सिलिंडरकडे वळवायचाच नाही. नियम बांधकामासाठीचे असले, तरी तिथेही तात्पुरता आडोसा, ताडपत्री आणि गॅसचा हीटर हेच असतं.

बर्फ धरतं याचा अर्थ एका सिलिंडरवर भार जास्त होतोय. गॅस एजन्सीच्या माणसाकडून दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडून घ्या, शेडच्या बाहेर, सावलीत, सपाट जागी, उभे. आडवा केलेला सिलिंडर वायूऐवजी द्रवच नळीत सोडतो. सिलिंडर आडवा करायचा सल्लाही याच मेसेजमध्ये आहे.

“दारं-खिडक्या घट्ट लावा, उष्णता बाहेर जाता कामा नये.”

सुकवणं म्हणजे ओल बाहेर घालवणं. ती जाणार कुठून? त्यात गॅस जळताना स्वतःच पाणी तयार करतो. १ किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाण्याची वाफ होते. १९ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे ३० लिटर पाणी तुम्ही त्या बंद शेडच्या हवेत सोडलेलं असतं. धुराड्याशिवायच्या हीटरने बंद खोलीत गर सुकवायचा म्हणजे पावसाळा आत घेण्यासारखं आहे. गरम हवा सुकवते हे खरं, पण ती ओल घेऊन बाहेर पडली तरच. ड्रायरमध्ये पंखा आणि वाफेला वाट असते ती त्यासाठीच.

आणि हे झालं गराचं. माणसांचं काय? बंद जागेत प्राणवायू कमी पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. बाईला वाटतं दिवसभर बसून थकले. ज्याने “रात्री हीटर लावून तिथेच झोपा, लक्ष राहतं” असं लिहिलंय, त्याने हे वाचावं.

“चिऱ्याच्या भिंती जळत नाहीत, म्हणून शेड सुरक्षित.”

भिंती नाही जळत. वासे आणि रिपा जळतात, गोणपाट जळतं, झडीसाठी पश्चिमेला बांधलेली ताडपत्री जळते. आणि टरफलं? बॉयलरमध्ये आपण तीच जाळतो ना? तेलाने भरलेल्या त्या टरफलांची पोती हीटरच्या खोलीत रचून ठेवायची आणि भिंतीकडे बोट दाखवायचं! ताडपत्रीबाबत ओशाचा नियम किमान १० फुटांचा आहे, आणि वाऱ्याने ती फडफडून हीटरवर पडू नये इतकी घट्ट बांधलेली हवी. आपल्याकडचा पावसातला वारा पाहता दुसरी अट पहिल्याइतकीच महत्त्वाची. हीटर लाकडी फळ्यांवर नको, सिमेंटच्या कोब्यावर ठेवा. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय नसेल, तर तो हीटर घेऊच नका.

बाकीचं थोडक्यात. “घरचा सिलिंडर चालतो”: धंद्यासाठी १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर वापरणं बेकायदा आहे. “इलेक्ट्रिक हीटरने एमसीबी पडला तर मोठा टाका”: एमसीबी म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, तो वायर वाचवतो, वायर तीच ठेवून तो मोठा केला, तर आधी वायर तापेल.

“गॅस हलका असतो, गळला तरी कौलांतून निघून जातो.”

साफ खोटं. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात, गटारात साचतो, आणि बाया बसतात जमिनीवरच. हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला तरी ठिणगी पुरते. वास आला तर हात पोचत असेल तरच व्हॉल्व्ह बंद करा, कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि लांब गेल्यावर १९०६ ला फोन लावा. आग लागली असेल तर १०१.