रेनकोटातला अंडरटेकर

आज सकाळी गावच्या ग्रुपवर कुस्त्यांच्या दंगलीचं पोस्टर पडलं आणि हातातला चहा तसाच राहिला.

पोस्टरचा पाऊण भाग एका रीलस्टारनं खाल्लेला. काळा गॉगल, उघडी छाती, मागं आगीचे लोळ. वर ठळक अक्षरात 'प्रमुख आकर्षण'. ज्याच्या जयंतीची दंगल तो मारुतीराया बिचारा कोपऱ्यात, पुढाऱ्यांच्या फोटोंपेक्षाही लहान. आणि खाली, 'प्रदर्शनीय कुस्ती : अमुक अमुक (नाव मी लिहिणार नाही, फुकटची जाहिरात कशाला) विरुद्ध गावचा पहिलवान.'

गावचा पहिलवान. बस. नाव नाही, आडनाव नाही, फोटो तर सोडूनच द्या.

हा 'गावचा पहिलवान' म्हणजे माझा पुतण्या. सहा वर्षं झाली, पोट्टं पहाटे चारला उठते. आखाडा खणते, मातीत ताक, तेल, हळद टाकून पायानं मळते. आपल्या यवतमाळच्या दारव्ह्याकडं सगळी काळी माती, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून लाल माती बाहेरून ट्रॉलीनं आणावी लागते, तिची वर्गणी मागत दारोदार फिरणाराही हाच. त्याला दुपारी कमिटीचे दोघं येऊन सांगून गेले, "दोन मिनिटं झुंजव, मंग पड. पाच हजार देऊ."

राजेहो, हा खेळ मी आधी पाहिलेला आहे.

1997 ची चैत्रातली जत्रा. आदल्या वर्षी 'खिलाडियों का खिलाडी' येऊन गेला होता. अक्षयकुमारनं त्यात टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीतल्या अंडरटेकरला उचललं म्हणून गावोगावचे पोट्टे येडे झाले होते. (तो अंडरटेकर खरा नव्हताच, ब्रायन ली नावाचा दुसराच पहिलवान त्या वेशात होता, हे फार पुढं कळलं. तोवर आमच्या वर्गात त्यावरून दोन मारामाऱ्या झाल्या होत्या.) आमच्या जत्रेत ऑर्केस्ट्रा येणार होता आणि त्यात अक्षयकुमारचा डुप्लिकेट. कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, 'खिलाडी विरुद्ध अंडरटेकर' लावू. खिलाडी तर मिळाला. अंडरटेकर कुठून आणता? सव्वासहा फुटी माणूस गावात एकच, माझे मोठेबाबा. (वडिलांचे मोठे भाऊ. पुण्याच्या मित्रांसाठी सांगतो, आमच्याकडं त्यांना काका म्हणत नाहीत.)

ज्या माणसानं चार तालुक्यांच्या दंगली मारल्या, ज्याच्या घरच्या पेटीत चांदीची सात कडी आहेत, त्याला एप्रिलच्या उन्हात दुपारी चार वाजता काळा रेनकोट घातला. हो, पावसाळ्यात वावरात घालायचा तोच. डोक्यावर ऑर्केस्ट्रातल्या बाईचा विग, डोळ्यांखाली काजळ. 501 रुपये अन् नारळ ठरला, आणि सांगितलं, पडायचं.

मोठेबाबा पडले.

मी अकरा वर्षांचा होतो, मंडपाच्या बल्लीवर चढून बसलो होतो. बाजूचे पोट्टे टाळ्या वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या. आज पहिल्यांदा कोणाला सांगतोय.

आता कमेंटमध्ये कोणीतरी येणारच, 'भाऊ, ते डब्ल्यूडब्ल्यूई, ती अंडरटेकरवाली अमेरिकन कुस्ती, तर सगळं खोटंच असते, तुझी दंगलही तशीच समज.' अरे बाबा, माहीत आहे. दंडारीतला, आमच्याकडच्या लोकनाट्यातला, राक्षस खरा मरत नाही हेही मला माहीत आहे, तरी त्याचं काम करणाऱ्याला टोला खरा लागतो. कोण जिंकणार ते आधी ठरवता येते. जमिनीवर आपटणं ठरवून हलकं करता येत नाही. तिकडं नव्या माणसाला पहिला धडाच पडायचा देतात. बंप म्हणतात त्याला. हनुवटी छातीला लावायची, पाठ सपाट टाकायची, मान वाचवायची. महाभारत मालिकेतला भीम, आपला सौरव गुर्जर, तिकडं गेला. भालाफेकीतून बेसबॉलमध्ये आणि बेसबॉलमधून कुस्तीत गेलेला रिंकू सिंग 'वीर महान' झाला. त्यांनाही आधी आपटून घ्यावंच लागलं. पोरं टीव्हीवर एन्ट्रीचं गाणं पाहतात, हे पाहत नाहीत.

आणि मला राग सेलिब्रिटीचा नाही. मला राग याचा आहे की त्याच्यासमोर जो पडतो त्याला कोणी विचारत नाही.

बॅम बॅम बिगेलो आठवतो का? लहानपणी त्या पहिलवानांची कार्डं खेळलेल्यांना आठवेल. टकलावर आगीच्या ज्वाळा गोंदवलेल्या, तो. 2 एप्रिल 1995, रेसलमेनिया 11, म्हणजे त्या कंपनीची वर्षातली सगळ्यात मोठी दंगल, अमेरिकेतलं हार्टफर्ड. शेवटची, मानाची लढत कोणाची? अमेरिकन फुटबॉलमधून निवृत्त झालेल्या लॉरेन्स टेलरची. रिंगमधला त्याचा पहिला सामना, आणि समोर बिगेलो. पावणेदोनशे किलोचा गडी, आणि तो वरच्या दोरावरून उडी घ्यायचा! टेलर जिंकला. पेपरात टेलर, फोटोत टेलर. पण तो सामना आज यूट्यूबवर पाहा आणि फक्त बिगेलोकडं बघा. टेलर कुठं उभा राहील, कधी दम खाईल, कधी मारेल, सगळं बिगेलो सांभाळतोय. नवख्या बैलाला जोडीतला जुना बैल ओढून नेतो, तसा. वर्ष सरता सरता बिगेलो ती कंपनी सोडून गेला. 2007 मध्ये वारला. त्याचा तो सामना मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला दुसरं काहीच दिसलं नाही. काळा रेनकोट दिसला.

2008 मध्ये मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदरनं तिथल्या बिग शो नावाच्या पहिलवानाला पाडलं, तेव्हाही हेच. सात फुटी माणसासमोर मेवेदर म्हणजे उसाच्या फडातलं कोंबडं. त्याच्या हाताला हरायचं आणि लोकांना पटवायचं, हे काम कोणाचं? बिग शोचं. त्याच्या आधी एका कार्यक्रमात मेवेदरनं त्याचं नाक खरंच फोडलं होतं. ते रक्त तर खरं होतं ना?

आणि 2000 साली डब्ल्यूसीडब्ल्यू या तिकडच्याच दुसऱ्या कुस्ती कंपनीनं एका सिनेमाची जाहिरात म्हणून डेव्हिड आर्केट या नटाला थेट विश्वविजेता करून टाकलं! म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्रावाल्या डुप्लिकेटला महाराष्ट्र केसरीची गदा द्या. लोक अजून हसतात त्या कंपनीला. दुसऱ्या वर्षी ती विकलीच गेली. आर्केटचं मात्र एक मानावं लागेल, त्याला स्वतःला ते पटलं नव्हतं, आणि त्यातून मिळालेले पैसे त्यानं गेलेल्या आणि जायबंदी झालेल्या पहिलवानांच्या घरच्यांना दिले. पुढं 2018 मध्ये, चाळिशी उलटल्यावर, तो छोट्या छोट्या रिंगांमध्ये परत उतरला. एका लढतीत मानेला काच लागून रक्तबंबाळ झाला. देणं फेडायला आला होता तो माणूस. आमच्याकडं कोण येते बे देणं फेडायला?

(लाईट गेली होती. चाळीस मिनिटांनी आली. वर वाचलं तर मी जरा जास्तच चिडलेला दिसतोय. राहू द्या.)

दुसरी बाजूही सांगून टाकतो, नाहीतर आमचे मास्तर मित्र धरतील. त्या 1997 च्या दंगलीला कधी नव्हे ती गर्दी झाली. बैलगाड्या, ट्रॅक्टर, काळीपिवळी, पार नाल्यापर्यंत रांग. त्या वर्षीच्या जमलेल्या पैशातून आखाड्यावर टिनं पडली, आणि माझा पुतण्या आज त्याच टिनांखाली मेहनत करतो. मान्य. पुढं चला.

आणि सगळे बाहेरचे सारखे नसतात, हेही खरं. बॅड बनी, तो प्युर्तो रिकोचा गायक, 2021 ला डब्ल्यूडब्ल्यूईत आला तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. पण पठ्ठ्या ऑरलँडोला जाऊन काही महिने सरावाला राहिला. गाणी बाजूला ठेवून पाठ शेकून घेतली. 2023 मध्ये सॅन हुआनला, स्वतःच्या लोकांसमोर, डॅमियन प्रीस्टच्या हातून असा मार खाल्ला की मी खाटेवरून उठून उभा राहिलो. यूट्यूबवरचा लोगन पॉल मला डोळ्यासमोर नको असतो, पण 2022 मध्ये वरच्या दोरावरून हातात मोबाईल धरून रोमन रेन्स या तिथल्या विजेत्यावर उडी मारताना टेबलासकट स्वतःही आपटला की नाही? आपटला. पाठ टेकवायला तयार असेल त्याला आपण बसायला सतरंजी टाकतो.

उलट 2025 चा रॅपर ट्रॅव्हिस स्कॉट पाहा. आला, कोडी ऱ्होड्स या पहिलवानाच्या कानशिलात लगावली, डोळा काळानिळा. मग रेसलमेनियाच्या शेवटच्या लढतीत परत आला, लुडबुड केली. जॉन सीनानं कोडीला हरवून विश्वविजेतेपदाचा विक्रमी सतरावा किताब जिंकला आणि त्या ऐतिहासिक रात्री लोक बोलत काय होते, तर हा कशाला आला. आमच्या पोस्टरवरचा गॉगलवाला याच जातीचा. जिल्ह्याच्या गावातून कारनं येणार, दोन मिनिटं नाचणार, शंभर सेल्फी देणार, जाणार. लंगोट तरी बांधता येतो का त्याला, विचारा.

आणि कोणीच पडायला तयार नसेल तर काय होते, तेही होऊन गेलेलं आहे. 26 जून 1976, टोकियो. मुहम्मद अली विरुद्ध अँटोनियो इनोकी. जगातला सगळ्यात मोठा मुष्टियोद्धा आणि जपानचा सगळ्यात मोठा पहिलवान. पंधरा फेऱ्या इनोकी जमिनीवर पडून अलीच्या पोटऱ्यांना लाथा घालत राहिला. अलीचे ठोसे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे. निकाल बरोबरीत. लोकांनी रिंगमध्ये कचरा फेकला. दोघंही थोर, पण एकानंही दुसऱ्याला आपलं अंग दिलं नाही. कुस्तीत अंग द्यावं लागते, खऱ्या कुस्तीतही.

इथपर्यंत लिहून मी मोठेबाबांकडं गेलो. म्हटलं, पुतण्यानं नाही म्हणावं असं त्यांच्याच तोंडून ऐकावं, मग पोस्टची गाडी जोरात हाणू.

ते ओट्यावर बसले होते. चौऱ्याहत्तर वय, गुडघे गेले, अंगठ्याएवढे कान अजून तसेच चेपलेले. मी म्हटलं, "मोठेबाबा, तुम्हाले त्या दिवशी लय वाईट वाटलं असन ना?"

"कशाचं?"

"पडले तुम्ही. त्या डुप्लिकेटच्या हातून."

म्हणाले, "त्यानं कुठी पाडलं मले? त्याच्यात उचलाची ताकद होती का? मीच उडलो. त्याचा हात माह्याखाली सापडत होता, मोडला असता पोट्ट्याचा. मी हवेतच पाठ फिरवली." आणि बसल्या जागी हनुवटी छातीला लावून दाखवली. कोणी शिकवली नव्हती ही गोष्ट त्यांना. मी वर बंपबद्दल जे लिहिलं ते त्यांना वाचून दाखवलं, तर "मंग?" एवढंच म्हणाले.

पुढं जे सांगितलं ते मला अठ्ठावीस वर्षांत माहीत नव्हतं. रात्री ऑर्केस्ट्रा झाल्यावर तो डुप्लिकेट घरी आला होता. मेकअप पुसलेला, पायात स्लीपर. विचारलं, "चाचा, लगा तो नहीं?" मोठीआईनं त्याला ज्वारीची भाकर अन् वांग्याची भाजी वाढली. जाताना पाया पडला. जालन्याकडचा होता म्हणे, बाप हमाल. त्याच्यावर मोठेबाबांचा काडीचा राग नाही. मी उगाच एवढी वर्षं त्या माणसाला मनातल्या मनात आपटत होतो.

राग होता तो दुसरीकडं. माईकवाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत "अंडरटेकर, अंडरटेकर" करत राहिला. सगळं झाल्यावर रेनकोट काढून ते मंचापाशी उभे राहिले, घामानं निथळत, की आता तरी नाव घेईल. तेव्हा त्यानं पुढच्या गाण्याची घोषणा केली. "501 देल्ले त्यायनं. नारळ देल्ला. नाव नाही घेतलं," म्हणाले. तो रेनकोट अजून कोठ्यात खुंटीला आहे, फाटून चाळणी झाला, फेकू देत नाहीत.

मग पुतण्याला हाक मारली. मला वाटलं, नाही म्हण म्हणतील. तर म्हणाले, "लढ. पड. पन त्या गॉगलवाल्याले चार दिवस आधी बोलाव. माती खणाले लाव, पडाले शिकव. नाहीतर तू पडशीन बरोबर अन् तो पडन मानेवर. आन पोस्टरवर नाव टाकाले सांग."

पुतण्यानं तिथूनच फोन लावला. चार दिवसांचं ऐकून कमिटीवाला हसला. स्टार तासाचे पैसे घेतो म्हणाला, चार दिवस कोण देईल? नावाचं पाहतो म्हणाला.

आत्ता, अकरा वाजून गेल्यावर, ग्रुपवर नवं पोस्टर पडलं. नाव आलंय. रीलस्टारच्या बुटाखाली, बारीक पिवळ्या अक्षरात, आणि आडनावात एक अक्षर चुकवलंय.

मोठेबाबांना रात्रीचं दिसत नाही. मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाले, "वाच."

मी बरोबर वाचलं.