काळा घोडा हलला, इतिहास कुठे गेला?

‘पुतळा हटवला की इतिहास पुसला जातो. त्या काळच्या लोकांनी तो मानाने उभारला होता. आज एक काढाल, उद्या एकही उरणार नाही.’ जगात कुठे पुतळा पडला की हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. मुंबईपुरतं तरी तपासून बघू.

फोर्टातला ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, म्हणजेच काळा घोडा, १९६५ साली उचलला गेला. काय पुसलं गेलं? चौकाला आजही सगळे काळा घोडाच म्हणतात, आणि २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, स्वाराविना! जुना पुतळा भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. जाऊन निवांत बघता येतो. गेला तो फक्त भर चौकातला मान.

‘त्या काळच्या लोकांनी’ म्हणजे नक्की कोणी? काळ्या घोड्याचा खर्च सर अल्बर्ट ससून यांनी केला. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची भेट. गावाला कोणी विचारलं होतं? उलट १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी त्याच राणीला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. म्हणजे विरोध त्या काळीही होता, फक्त त्याचा चौथरा नव्हता.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा एडवर्ड कोल्स्टन तर गुलामांच्या व्यापारात गब्बर झालेला माणूस. तो वारला १७२१ साली, पुतळा बसला १८९५ साली. पाटीवर सद्गुणी, शहाणा वगैरे सगळं. गुलामांचा उल्लेख नाही. ती पाटी बदलायची तर शब्दांवरून वर्षानुवर्षं घोळ चालला आणि नवी पाटी लागलीच नाही. जून २०२० मध्ये जमावाने पुतळा बंदरात ढकलला. जमावाने निर्णय घ्यावा हे मला पटत नाही, पण सनदशीर वाट कोणी अडवून धरली होती तेही सांगा. आता तो संग्रहालयात आहे, अंगावरच्या रंगासकट.

राहिलं ‘एकही उरणार नाही’. साठ वर्षं होऊन गेली. फ्लोरा फाउंटन हुतात्मा स्मारकाच्या शेजारी तसंच उभं आहे. सीएसएमटीच्या फाटकावरचे सिंह आणि वाघही जागेवर आहेत.