नासाचे पेन आणि रशियाची पेन्सिल

‘अंतराळात चालणारे पेन बनवायला नासाने लाखो डॉलर उधळले, रशियाने मात्र साधी पेन्सिल वापरली’ हा मजकूर पुन्हा फिरतो आहे. गोष्ट खुमासदार आहे, पण खरी नाही.

सुरुवातीला अमेरिकेचे अंतराळवीरही पेन्सिलच वापरत. नासाने खरे पैसे उधळले ते पेन्सिलींवरच! 1965 साली 34 यांत्रिक पेन्सिली घेतल्या, प्रत्येकी जवळपास 129 डॉलरना. त्यावर अमेरिकेत चांगलाच गदारोळ झाला.

पेन बनवले पॉल फिशर या उद्योजकाने, स्वतःच्या खर्चाने. रिफिलमध्ये नायट्रोजन वायू दाबाखाली भरलेला असतो, म्हणून शाई खाली उतरायला गुरुत्वाकर्षण लागत नाही. शाईही घट्ट असते, टोकावरची गोळी फिरली की पातळ होते. कसून चाचण्या घेतल्यावर नासाने सुमारे 400 पेने विकत घेतली आणि 1968 साली ती अपोलो 7 मधून अवकाशात गेली.

आणि पेन्सिल का नको? तिचे टोक तुटले तर तो तुकडा यानात तरंगत राहतो. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, शिवाय लाकूड आणि ग्रॅफाइट दोन्ही जळतात. जानेवारी 1967 मध्ये शुद्ध प्राणवायूने भरलेल्या अपोलो 1 यानाच्या कक्षात आग लागून तीन अंतराळवीर गेले, त्यानंतर जळाऊ वस्तूंबाबत नासा फारच दक्ष झाली.

राहिला रशिया. तिथले अंतराळवीर मेणासारख्या पेन्सिली वापरत. 1969 साली सोव्हिएत संघानेही फिशरचीच 100 पेने मागवली.